शालनआक्कांनी निवडून दिलेलं पुस्तक

निपाणीहून शालनआक्कांच्या भाचीचा फोन आला तेव्हा मी कामावर होते. "आक्का गेल्या," एवढंच ती म्हणाली. टिळकवाडीच्या घरात आक्का एकट्याच राहत. सकाळी दार उघडेना म्हणून शेजाऱ्यांनी भाचीला कळवलं होतं... त्याला आता महिना झाला.

कॉलेजच्या संगणक प्रयोगशाळेतून निवृत्त झालेल्या या बाईंकडे मी पहिल्यांदा गेले ती माझी टायपिंगची नोकरी सुटल्यावर. चाळिशीत वेबसाइट बनवायला शिकायचं मनात घेतलं होतं. तीन जाडजूड पुस्तकं अर्धवट वाचून झाली होती, हातून काहीच बनलं नव्हतं, आणि हे आता आपल्याला जमायचं नाही अशी भीती बसली होती. आक्कांनी ती पुस्तकं चाळून बाजूला ठेवली आणि कपाटातून आपलं एक पातळसं काढून दिलं. मला एकदम साड्यांचं ऑनलाइन दुकानच करायचं होतं. त्यांनी विचारलं, घरात रोज काय विसरतं? आईच्या गोळ्या, मी म्हटलं.

"मग त्येच कर गं. लई मोठं काय नको. एक पुस्तक, एक काम."

दर रविवारी मी सांबऱ्याहून बसनं जायची. गोळ्यांची नावं, वेळा, घेतली की नाही... संगणकावर पान तयार झालं, आणि पुढच्या रविवारी उघडलं तर सगळी नावं गायब. मी रडकुंडीला आले. आक्का मात्र समाधानानं हसल्या. माहिती साठवावी का लागते ते आता कळलं ना, मग डेटाबेसचा धडा आज वाच, म्हणाल्या. तोवर तो धडा त्यांनी मला उघडूही दिला नव्हता. पुढे तेच काम दाखवून मला नोकरी लागली. मग जाणं कमी झालं. येते, येते म्हणत राहिले...

आक्कांच्या संगणकातलं भाचीला काही कळेना, म्हणून परवा मी गेले. शिकताना त्यांनी स्वतःसाठी बनवलेलं पहिलं पान त्यात सापडलं. वर तारीख, खाली एकच प्रश्न: आज कोणाशी बोललीस? कित्येक वर्षांच्या नोंदी होत्या. भाजीवाली. पोस्टमन. भाची, फोनवर. मधली दोन वर्षं रविवारी माझं नाव. पुढे ते विरळ होत गेलं, आणि शेवटच्या दिवसांत नुसत्या तारखा.

भाचीनं तो संगणक मलाच दिला. रोज सकाळी मी ते पान उघडते. तारीख आपोआप येते. तोवर आईशी, शेजारणीशी माझं बोलणं झालेलं असतं, तरी त्या चौकटीत मला काही लिहवत नाही.