पिनवरचा रंग

माझी शेवटून दुसरी पोस्टिंग उत्तरेकडच्या एका डोंगरी रस्त्यावर होती. मी हवालदार, रिकव्हरी मेकॅनिक. सिव्हिलमधल्या माणसाला मी एवढंच सांगतो की फौजेची गाडी जिथे रुतते, उलटते किंवा दरीकडे तोंड करून लटकते, तिथे तिला ओढून काढायला जी टोळी जाते, ती आमची. बंदूक आम्हालाही होती, पण आमचं खरं हत्यार म्हणजे तारेचा दोर.

सेक्शनचा वेल्डर नायक सायमन परेरा. तो कोलशेतचा, मी कोपरचा. म्हणजे दोघंही खाडीकाठचे, दोघंही ठाणे जिल्ह्याचे. फौजेत एवढं नातं पुष्कळ होतं. तो ख्रिश्चन, मी आगरी, आणि घरून येणाऱ्या सुक्या मासळीच्या पुड्यावर दोघांचा सारखाच हक्क. बाकीची पलटण वासाने तंबू सोडून जायची, तेव्हा आम्ही दोघं निवांत जेवायचो.

त्या वर्षी आमची मोठी रिकव्हरी गाडी ऑफ-रोड, म्हणजे नादुरुस्त, झाली होती. पार्ट यायला वेळ होता आणि रस्ता कोणासाठी थांबत नव्हता. स्टोअरमध्ये एक सुटं विंच पडून होतं. विंच म्हणजे मोटरवर फिरणारा रीळ. दोर त्याच्यावर गुंडाळला जातो आणि समोरचं वजन ओढलं जातं. सायमनने ते बघितलं आणि मला म्हणाला, "भरत, विंच एक हाय, गाड्या चार. मंग गाडी कशाला बदलायची, विंचलाच हिंडवूया ना."

त्याने काढता-घालता येणारं माउंट बनवलं. प्रत्येक गाडीच्या चासीला पुढे एक जाड चौकोनी पाइप वेल्ड केला. विंच एका जाड प्लेटवर बसवलं आणि प्लेटखाली थोडा बारीक पाइप लावला. बारीक पाइप जाड पाइपात सरकवायचा, दोन्हींच्या आरपार भोकातून अंगठ्याएवढी जाड पिन घालायची आणि पिनच्या बाहेर आलेल्या टोकाला क्लिप अडकवायची. झालं. चार माणसं विंच उचलून या गाडीवरून त्या गाडीवर नेत. क्लिप मात्र हवीच, कारण क्लिप नसेल तर हादऱ्याने पिन हळूहळू बाहेर सरकते.

आमच्यात एक रिवाज होता. ज्याने वेल्ड मारलं, त्याने पहिल्या ओढीला पुढे येऊन माउंटवर हात ठेवायचा आणि मग मागे सरायचं. सायमनने हात ठेवला, क्रुसाची खूण केली आणि मागे आला. आम्ही दगडांनी भरलेला थ्री-टन ट्रक चढावर ओढला. माउंट हललंसुद्धा नाही. सुभेदार साहेबांनी वाकून वेल्ड बघितलं आणि विचारलं, "ग्राइंडर क्यों नहीं मारा?"

"साहब, वेल्ड को चेहरा दिखाने दो," सायमन म्हणाला. घासून गुळगुळीत केलेल्या वेल्डवर त्याचा भरवसा नसे.

हिवाळा तसाच गेला. त्या माउंटने किती गाड्या काढल्या ते मी मोजलं नाही. मग मोठ्या साहेबांची व्हिजिट ठरली.

फौजेत एक जुना विनोद आहे. जे हलतं त्याला सॅल्यूट मार, जे हलत नाही त्याला रंग मार. सगळ्या पलटणींना तो ठाऊक आहे आणि सगळ्या पलटणी तसंच करतात. आम्ही चुना मारला, दगड रंगवले, बादल्या रंगवल्या. माउंटला हिरवा रंग लागला, पिनला लाल. एक हात दिला तो पातळ दिसला म्हणून दुसरा दिला. सायमन पिन हातात घेऊन सुभेदार साहेबांकडे गेला.

"साहब, इस पे पेंट नहीं चाहिए. ये टाइट साइज़ है. अंदर नहीं जाएगी."

"व्हिजिट के बाद साफ कर लेना."

सुभेदार साहेब वाईट माणूस नव्हते. त्यांना वरून हुकूम होता, वरच्यांना आणखी वरून. व्हिजिट झाली. मोठे साहेब विंचपाशी थांबले, लाल पिन बघून "व्हेरी स्मार्ट" म्हणाले आणि चहाला गेले. संध्याकाळी बडा खाना झाला. सायमनने सकाळी पिन घासायची म्हणून पॉलिश पेपर काढून ठेवला होता.

सकाळ उजाडते न उजाडते तोच रेडिओ बोलला. वळणावर एक गाडी रस्त्याच्या कडेवरून घसरली होती. पुढची चाकं हवेत, केबिनमध्ये ड्रायव्हर आणि एक जवान. दरवाजा उघडायला हलले तरी गाडी पुढे झुकत होती.

"किती वेळ, ओव्हर?"

"निघालो, ओव्हर."

आम्ही पोचलो तेव्हा केबिनमधला जवान काचेतून आमच्याकडे बघत होता. तो ओरडत नव्हता. ओरडला असता तर बरं वाटलं असतं. आमची गाडी मागे लावली, विंच पाइपात सरकवलं आणि सायमनने पिन घातली. ती जवळजवळ पूर्ण गेली आणि अडकली. त्याने घण मारला. आणखी थोडी गेली, मग हलेना. क्लिपचं भोक पाइपाच्या आतच राहिलं. दोन हात रंगाने पिन तेवढी जाड झाली होती.

"घासू?" मी विचारलं.

त्याने लटकलेल्या गाडीकडे बघितलं. "टाइम नाय."

त्याने पिनला बाइंडिंग वायर आवळली. मी केबिनमध्ये विंचच्या बटणावर बसलो. दोरावर ओली घोंगडी टाकली, म्हणजे दोर तुटला तर कमी उसळतो. सगळ्यांना मागे हटवलं. ओढ सुरू झाली, गाडी हातभर मागे आली आणि दोर जरा ढिला पडला. त्याबरोबर वायर तुटली आणि पिन बाहेर सरकायला लागली. मला ते काचेतून दिसत होतं. सायमन पहार घेऊन पुढे गेला आणि पिनच्या डोक्यावर पहार दाबून उभा राहिला.

"सायमन, पीछे!" सुभेदार साहेब म्हणाले.

"पहले बंदा निकालो, साहब."

ओढणाऱ्या दोराजवळ उभं राहायचं नाही, हे आमच्याकडे पहिल्या दिवशी शिकवतात. तो ते दुसऱ्यांना शिकवायचा.

मी ओढत राहिलो. मागची चाकं घट्ट जमिनीवर आली. केबिनमधले दोघं मागून उतरले, आधी जवान, मग ड्रायव्हर. सायमनने त्यांना उतरताना बघितलं. मला खात्री आहे, कारण तो हसला. त्याच वेळी रस्त्याची कड खचली. रिकामी गाडी झटक्यात खाली गेली, पलीकडच्या हुकाजवळ दोर तुटला आणि उलटा आला. घोंगडीने काहीही थांबवलं नाही.

माउंट जागेवर होतं. पिन होती तिथेच होती. चौकशीत ते सगळं लिहिलं गेलं आणि कागद फौजेत राहिले. पिन कोणी मागितली नाही. मी ती खिशात घातली.

सेक्शनमध्ये विंच चालवणारा मीच उरलो होतो, म्हणून शवपेटीबरोबर मला सोडलं नाही. दुसऱ्या युनिटची माणसं गेली. ती चांगली होती, पण त्यांना काही माहीत नव्हतं. कोलशेतमध्ये कोणीतरी विचारलं, झालं काय? त्यांनी ऐकलं तेवढं सांगितलं की ओढायचं काहीतरी तुटलं. बनवलं कोणी होतं? सायमनने. झालं, एवढ्यावर गावात ठरलं की परेरांचा पोरगा स्वतःच्याच वेल्डिंगने मेला.

मी रजेवर आलो तेव्हा आधी कोलशेतला गेलो, मग घरी. सायमनचे वडील पास्कूबाबा ओट्यावर जाळं विणत बसले होते. मी सगळं सांगितलं. त्यांनी मान वर केली नाही.

"तू दोस्त हायेस त्याचा," ते म्हणाले. "तू असंच सांगनार."

कबरीच्या क्रुसावर त्यांनी नुसतं नाव घातलं. नायक नाही, फौज नाही. "ज्या कामानं मेला आनि दुसऱ्यांनापन मारनार होता, ते काम दगडावर कशाला?" असं ते चर्चमध्ये म्हणाले. ते मला मागाहून कळलं. त्या म्हाताऱ्याला पोराच्या मरणापेक्षा पोराच्या कामाची लाज जास्त टोचत होती, आणि ती लाज खोटी होती. मला तेच सहन होत नव्हतं. पण शब्दांनी ती जाणार नव्हती.

रिटायर झाल्यावर मी कोलशेत रोडला एक गाळा घेतला. ग्रिल, गेट, पाण्याच्या टाकीचे स्टँड. टॉवर एवढे उभे राहतायत की काम तुटत नाही. वेल्डिंग मी करतो, रंगकाम बाहेर देतो. ऑइलपेंटचा वास आला की मला जेवण जात नाही.

गेल्या वर्षी सायमनचा धाकटा भाऊ अंतोन गाळ्यावर आला. त्याने एक जुना ट्रक घेतलाय. खाडीतल्या होड्या दुरुस्तीसाठी वर ओढायच्या, चिखलात रुतलेले टेम्पो काढायचे, असं काम.

"भरतदादा, विंच घेतलंय. पण कायम पुढं लावून ठेवता येत नाय. गल्लीत लागतं, आनि रात्री कोन काढून नेईल. काढता येईल असं माउंट पायजे." मग थोडं थांबून म्हणाला, "सायमननी केलेलं तसं."

"बाबांना माहितीये?"

"सांगितलंय. बोलले नाय कायच."

मी हो म्हटलं. मापं मला पाठ होती. जाड पाइप, बारीक पाइप, कोपऱ्यांना त्रिकोणी पट्ट्या. वेल्ड मी घासलं नाही. पिनच्या भोकाला सायमनचंच माप ठेवलं आणि लांबी ताडून बघायला कपाटातून ती जुनी पिन काढून टेबलावर ठेवली. तिच्यावरचा लाल रंग मी कधीच काढला नव्हता. का, ते मला सांगता येणार नाही. एकदा पॉलिश पेपर हातात घेतला होता आणि परत ठेवला होता.

ट्रकवर माउंट चढवायच्या दिवशी अंतोनबरोबर पास्कूबाबा आले. आता काठी आहे, नजर मात्र शाबूत. खुर्ची दिली तर बसले नाहीत. माझं वेल्ड वाकून बघितलं, जसं कोणी दुसऱ्याच्या घरातलं आजारी माणूस बघतं. नवी पिन अजून लेथवरून यायची होती. बाबांनी टेबलावरची लाल पिन उचलली आणि काही न विचारता माउंटच्या भोकात घातली. मी थांबवणार होतो, पण थांबवलं नाही.

पिन गेली, गेली आणि अडकली.

त्यांनी तळव्याने ठोकली. हलली नाही. पलीकडच्या बाजूला जाऊन बघितलं. टोक दिसत होतं, क्लिपचं भोक दिसत नव्हतं.

"ही का जात नाय रं आत?"

"रंगामुळे, बाबा."

"मंग रंग कोनी लावला?"

"साहेब येणार होते. हुकूम होता. सायमन नको म्हणाला होता. व्हिजिटनंतर साफ कर म्हणाले."

"आनि?"

"आणि सकाळीच कॉल आला. ही तीच पिन आहे, बाबा. क्लिप लागेना म्हणून तो पहार दाबून उभा राहिला. दोन माणसं आत होती."

बाबांनी अडकलेल्या पिनच्या डोक्यावरून अंगठा फिरवला. बाहेर रिक्षावाले एकमेकांशी भांडत होते.

"माउंट मोडलं असतं," ते म्हणाले, स्वतःशीच, "तर पिन कशाला धरून ठेवली असती त्यानं. मोडलेल्या दाराची कडी कोन धरतो?" मग माझ्याकडे बघितलं. "तू तवाच सांगितलंस. मीच नाय ऐकलं."

त्यांनी पिन ओढून बाहेर काढली आणि आता खुर्चीवर बसले. "कागद दे."

मी पॉलिश पेपर दिला. म्हातारा पिन घासायला लागला. लाल रंगाची भुकटी त्याच्या लुंगीवर पडत होती. अंतोन म्हणाला, "बाबा, मी मारतो ग्राइंडर, मिनिटाचं काम." बाबांनी मानेनेच नाही म्हटलं. लाल गेला, खाली प्रायमर निघाला, तोही गेला, आणि लोखंड उघडं पडलं. मी पाठ फिरवून उगीच रॉड मोजत बसलो, कारण मला रडू येत होतं.

पिन भोकात सरळ गेली. बाबांनी स्वतः क्लिप लावली. लेथवाल्याकडची नवी पिन मी आणायला गेलोच नाही.

संध्याकाळी खाडीवर पहिली होडी ओढली. रिवाजाप्रमाणे मी पुढे होऊन माउंटवर हात ठेवला. शेजारी एक दुसरा, सुरकुतलेला हात आला. मग आम्ही दोघंही मागे सरलो, चांगले लांब. होडी चिखलातून सावकाश वर आली. माउंटपाशी कोणी उभं नव्हतं, आणि कोणी उभं राहायची गरजही नव्हती.

नोव्हेंबरात मृतांच्या दिवशी कोलशेतची माणसं कबरी धुतात, फुलं आणि मेणबत्त्या लावतात. मी दरवर्षी जातो. या वेळी क्रुसावर नावाखाली नवीन अक्षरं कोरलेली होती, अजून पांढरी. फौजेत आधी पद आणि मग नाव लिहितात. बाबांनी नावाच्या खाली लिहिलंय.

सायमन पास्कू परेरा. नायक. वेल्डर.