धुतल्या पायांची मंडळी

पहिल्या खुर्चीवर कोण बसणार यावरून मोरू पंच आणि चांगू पंच यांची जुंपली, तेव्हा आवडी पडद्यामागे बसून चिंचेने घंगाळ घासत होती. गोष्ट तीस वर्षांपूर्वीची. पोलादपूरच्या एसटी स्टँडामागचं छोटंसं चर्च, आणि पवित्र गुरुवारची संध्याकाळ. त्या दिवशी पाळक मंडळीतल्या बारा जणांचे पाय धुतात, प्रभूने आपल्या शिष्यांचे धुतले तसे. खुर्च्या बारा, घंगाळ मात्र एकच.

"पयल्या खुर्चीवर मी बसनार," मोरू पंच म्हणाले. "माझ्या आज्यानं या चर्चचा पाया खणलाय."

"आज्यानं खणला म्हणून नातवाला ताजं पानी? गेल्या साली मी बारावा होतो. अकरा जनांचा मळ माझ्या पायावर! घरी जाऊन परत धुवायला लागले."

"मग घरनंच धुवून येत जा!"

मोरू पंच रागात बोलून गेले, पण मंडळीला तो सल्ला असा काही पटला की पुढच्या सालापासून बाराही जण घरून पाय धुवून यायला लागले. आधी नुसते धुवून. मग दगडाने टाचा घासून. मग नखं कापून, पावडर लावून. पाळकांना धुवायला काही उरलंच नाही. पाणी घंगाळात जसं जायचं तसंच बाहेर यायचं आणि आवडी ते अबोलीच्या झाडांना घालायची. त्या साली अबोली मात्र झकास फुलली.

आवडीला हसू यायचं, कारण पाय म्हणजे काय हे तिला ठाऊक होतं. चर्चच्या शेजारी पूर्वी मिशनचा दवाखाना होता, तिथे ती आया होती. शिक्षण दुसरी पास, तेही मास्तर दयाळू म्हणून. दवाखान्यातल्या सिस्टरबाईंनी तिला पट्टी करायला शिकवली. उलटी बांधली तर जखम चिघळते, म्हणून सिस्टरबाई तिच्याकडून एकेक गोष्ट वीस-वीस वेळा करून घ्यायच्या. पुढे दवाखान्याला कुलूप लागलं. सिस्टरबाई गावी गेल्या. आवडीला काही कोणी थांब म्हटलं नाही, म्हणून ती थांबली नाही. लावणीत चिखल्यांनी सडलेले पाय, काटा मोडून पिकलेले पाय, साखरेच्या आजाराने काळे पडलेले पाय. वरंधपासून शिवथरपर्यंत कुणाच्या ना कुणाच्या ओटीवर ती पाय मांडीवर घेऊन बसलेली दिसायची. नवरा लवकर गेला, लेक सेजल पनवेलला नांदते. "आई, आता पुरे, माझ्याकडे ये," असं ती दर दिवाळीला म्हणायची. आवडी म्हणायची, "येते गो, एवढा पाय बरा झाला की येते." एक बरा झाला की दुसरा हजर.

शेवटी शेवटी तिच्या हाती होता तो महाडच्या जहांगीरचा पाय. जहांगीर ट्रकवाला. उभा जन्म कशेडी घाटात गाडी चढवण्या-उतरवण्यात गेला. साखरेने पायाची जाणीव गेलेली, आणि ते त्याला माहीतच नाही. एकदा घाटात चार तास गाड्या अडकल्या, तर हा इंजिनच्या तापल्या पत्र्यावर पाय टेकून मजेत विडी ओढत बसला. घरी आल्यावर बायको बिल्किस म्हणाली, "काय जळतंय वो?" बघतात तर तळव्याचं कातडं चपलेला चिकटलेलं.

डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं. एक दिवसाआड नीट पट्टी झाली तर पाय राहील, नाहीतर घोट्यापासून कापावा लागेल. महाडला पूर येऊन गेल्यापासून जहांगीरचं बिऱ्हाड माडीवर. जिना असा उभा की दवाखान्यात न्यायचं तर चार माणसं लागत. मुलगा उबेद कतारला, तो फोनवर तोंड दाखवायचा. बिल्किसची बोटं संधिवाताने वाकडी झालेली. म्हणून आवडी एक दिवसाआड पोलादपूरहून आठची एसटी धरायची. पंचाहत्तरी उलटल्यापासून तिला प्रवास फुकट होता. कंडक्टर शून्याचं तिकीट फाडून म्हणायचा, "आजी, तुमच्यामुळे महामंडळ बुडतंय बघा."

"बुडू दे," आवडी म्हणायची. "महाड दर साली बुडतं, परत वर येतंच ना?"

सगळं सुरळीत चाललं होतं, पण आवडीचे हात थरथरायला लागले. एकदा चिमटा जखमेत भसकन घुसला. जहांगीरला कळलंही नाही, पण आवडीला कळलं. तिला दोन रात्री झोप आली नाही. आपल्यामागे कुणाचे तरी हात तयार करायला हवेत, आणि तेही लवकर, नाहीतर एवढा राखलेला पाय जाणार.

नेमके याच सुमाराला चर्चला नवे पाळक आले. भरत पाळक. वय बत्तीस, पुण्याला शिकलेले, दाढी कोरलेली. आल्या आल्या त्यांनी फ्लेक्स लावला: 'सुदृढ शिक्षणातून सेवेकडे – बारा धडे'. त्यावर हात जोडलेला त्यांचा फोटो प्रभूच्या चित्रापेक्षा चार बोटं मोठा. दर बुधवारी वर्ग, शेवटी परीक्षा. आवडी मागच्या बाकावर बसून सगळे धडे ऐकायची. धडे वाईट नव्हते. कृतीवाचून विश्वास म्हणजे मढं, असं पाळक सांगत तेव्हा आवडीची मान आपोआप हलायची. ती म्हणायची, "पोरगा बोलतो खरा. कुणीतरी त्याला ऐकायला पायजे."

परीक्षेत प्रश्न होता, 'सेवा म्हणजे काय?' चार उत्तरं दिलेली, एकावर खूण करायची. आवडीचा चष्मा घरी राहिला होता. चष्मा असता तरी काय फरक पडला असता म्हणा. कागद कोरा गेला. बारा जण पास झाले. त्यांची प्रमाणपत्रं महाडहून लॅमिनेशन करून आणली. आवडीला 'उपस्थित होत्या' एवढंच लिहिलेला कागद मिळाला, तो तिने तिखटाच्या डब्याखाली घातला.

पण बारा शिकलेली माणसं तयार झाली म्हटल्यावर तिला हुरूप आला. रविवारी उपासनेनंतर ती उभी राहिली.

"सलाम सगळ्यांना. महाडला एका मानसाच्या पायाला पट्टी करायची असते. माझे हात आता चालत नाय. एक माणूस द्या. मी शिकवते."

सगळ्यांनी पंचांकडे पाहिलं.

मोरू पंचांचा मुलगा सुनील आता पंच होता. तो म्हणाला, "आवडीबाय, आपला कोर्स सेवेचा हाय. पट्टीचा नाय."

"बरं. मग सेवा कशाची?"

"ते नवव्या धड्यात आलंय."

पास झालेल्या बारांतली दर्शना म्हणाली, "मला गो वास नाय सहन होत. मी त्यांना प्रार्थनेत ठेवते."

"ठेव. पण बिल्किसला विचारून ठेव, जागा हाय का ते."

शेवटी पाळकांनी तोडगा काढला. पाच जणांची उपसमिती नेमली. तिच्या तीन सभा झाल्या. पहिलीत उपसमितीचं नाव ठरलं. दुसरीत नाव बदललं. तिसरीत कांदाभजी चांगली झाली होती. जहांगीरच्या पायाचा विषय वेळेअभावी पुढे ढकलला. पायाने काही त्यांच्यासाठी थांबायचं ठरवलं नव्हतं. टाचेकडून परत पाणी सुटायला लागलं. डॉक्टर म्हणाले, पंधरा दिवस बघू, नंतर माझ्या हातात नाही.

त्या पंधरा दिवसांतच पवित्र गुरुवार आला. पुण्याहून मोठे पाहुणे येणार, म्हणून आधी दोन दिवस पाय धुण्याची तालीम झाली. उजवा आधी की डावा, पाणी कोमट की साधं, टॉवेल खांद्यावर की कमरेला, सगळं ठरलं. सुनील तर महाडच्या पार्लरमध्ये जाऊन टाचा गुळगुळीत करून आला. गुरुवारी बारा खुर्च्यांवर बारा जण बसले. पायांना असा सुगंध की उदबत्ती लावायची गरज नाही. भरत पाळक एकेकापुढे गुडघे टेकत गेले. आवडी मागे उभी राहून टॉवेल देत होती. टॉवेल कोरडेच परत येत होते.

मग पाळकांनी उपदेश सुरू केला. पाहुणे पुढेच बसलेले, म्हणून आवाज जरा भरून आला होता. "बंधुभगिनींनो," ते म्हणाले, "आज प्रभू आपल्याला विचारत आहे. आहे का कोणी? माझ्याबरोबर पाय धुवायला येणारा आहे का कोणी?"

असं विचारायचं असतं ते उत्तरासाठी नसतं, हे आवडीला चांगलं माहीत होतं. साठ वर्षं उपदेश ऐकत होती ती.

"हाय की," ती मागून म्हणाली. "पाळकसाहेब, उद्या सकाळी आठची गाडी. पुढं बसा, मागं धक्के लागतात."

चांगू पंच आता नव्वदीचे, कानाने कमी. ते मोठ्यांदा म्हणाले, "काय म्हणते ती? पाळक कुठं चालले?" पाहुण्यांनी मान वळवून भरत पाळकांकडे पाहिलं. सगळी मंडळी पाहत होती. पाळक लाल झाले आणि म्हणाले, "येईन."

दुसऱ्या दिवशी उत्तम शुक्रवार, म्हणजे गुड फ्रायडे. दुपारी तीन तासांची उपासना होती, तरी ते आले. पांढराशुभ्र शर्ट, काखेत पुस्तक. जहांगीरच्या माडीवर चढल्या चढल्या त्यांनी डोळे मिटले आणि प्रार्थनेला आरंभ केला.

"थांबा," आवडी म्हणाली. "आधी हात. साबणानं, कोपरापर्यंत. नखं दाखवा. आता देवाशी काय बोलायचं ते मनात बोला, तोवर मी पट्टी सोडते."

पट्टी सुटली आणि पाळक सज्जाकडे धावले. खालच्या दुकानाच्या पत्र्यावर सकाळचे पोहे पडल्याचा आवाज झाला. दुकानदाराने वर बघून दोन शिव्या दिल्या. जहांगीर खाटेवरून ओरडला, "होतं रे बाबा! माझा क्लीनर पण कशेडीत पयल्या दिवशी ओकला होता. नंतर पंधरा वर्सं टिकला."

बिल्किसने लिंबू कापून दिलं. आता हा जिना उतरून जाणार, असं आवडीला वाटलं. तिची काही तक्रार नव्हती. पण पाळक तोंड धुऊन परत आले आणि खाली जमिनीवर बसले.

"पाणी बघा," आवडी म्हणाली.

त्यांनी बोटं बुडवली. "कोमट आहे."

"बोटं नको. कोपर."

कोपर बुडवलं आणि हात झटकन वर आला.

"त्याला चटका कळत नाय," आवडी म्हणाली. "म्हणून तुमाला कळायला पायजे. तुमचा नववा धडा काय तो मला ठाऊक नाय, माझा पयला धडा हाच. नापास. पाणी निववा, परत करू."

जहांगीर पोट धरून हसला. पाळक हसले नाहीत. त्यांनी पाणी निववलं.

पट्टी तीन वेळा बांधली, तीनदा आवडीने सोडली. एकदा घट्ट, एकदा सैल, एकदा गाठ जखमेवर. उपासनेला पाळक धावतपळत पोचले. त्या दिवशी त्यांनी उपदेश वीस मिनिटांत आटोपला, आणि मंडळीत पहिल्यांदाच कोणी पेंगलं नाही. पुढची पट्टी रविवारी आली. तो पुनरुत्थानाचा सण, ईस्टर, पण जखमेला सण कुठला? दुपारच्या गाडीने पाळक आपणहून आले, या खेपेला रंगीत शर्ट घालून. मंगळवारी आले. गुरुवारी आले. महिन्याभराने आवडी खुर्चीवर बसून फक्त बघत होती आणि बिल्किसशी मच्छीच्या भावावर बोलत होती. पावसाळा लागता लागता डॉक्टरांनी तळवा दाबून पाहिला आणि कापायची गोष्ट कायमची सोडून दिली.

मंडळी मात्र नाराज. पाळक घरी सापडत नाहीत, हाताला औषधाचा वास येतो, फ्लेक्स फाटला तरी नवा लावत नाहीत, अशा तक्रारी सुरू झाल्या. पंचांनी त्यावर एक उपसमिती नेमली. पाळकांनी आणखी कुणीतरी शिकावं म्हणून वर्गात विचारलं, तर बारापैकी एक दर्शना आली, नाकाला पदर लावून. ती अजून येते. पदर थोडा खाली आलाय.

श्रावणात एका बुधवारी पहाटे आवडी झोपेतच गेली. दफनाच्या उपासनेत बाराही जण तिच्या सेवेवर बोलले, एकेक जण पंधरा मिनिटं. पाहुण्यांची गाडी चुकली. सेजलने जहांगीरसाठी जिन्याखाली रिक्षा पाठवली होती. तो काठी टेकत, दोन्ही पायांवर आला.

जाण्याच्या आदल्या दिवशी, मंगळवारी, आवडीने जुन्या लुगड्याच्या पट्ट्या उकळून वाळवल्या, गुंडाळ्या केल्या, पिशवीत भरल्या. पाऊस होता. आठची गाडी सव्वाआठला आली. कंडक्टरने शून्याचं तिकीट दिलं, ते तिने कंबरेला खोचलं. महाडला उतरून औषधाच्या दुकानातून कापूस घेतला, तिथे रांगेत उभ्या एका पोरीला "पाय ओले ठेवू नको गो" असं सांगितलं. जिना चढताना दोनदा थांबली. वर पाळक बसलेच होते. तिने हात धुतले, कोपरापर्यंत, करायचं काही नव्हतं तरी. पट्टी झाली. गाठ बघितली, ठीक होती. बिल्किसने चहा दिला, तो बशीत ओतून प्याली. कपड्याच्या गुंडाळ्या कपाटात वरच्या फळीवर ठेवल्या, मळक्या पट्ट्या धुवायला पिशवीत घेतल्या, आणि गुरुवारी येते म्हणून अकराची गाडी धरली.