मावशींच्या मॅडम होण्याची गोष्ट

आमच्या कॉलेजात केमिस्ट्रीच्या लॅबमध्ये मावशी अठरा वर्षं काचेची भांडी धूत होत्या. भाजलं, सांडलं, फुटलं की मुलं आधी त्यांच्याकडे धावायची, मग आम्हा शिक्षकांकडे. दुपारी खिडकीतून ऊन आत आलं की धुतलेल्या टेस्ट ट्यूब चमकायच्या आणि मावशी त्यांच्याकडे बघता बघता कुठेतरी हरवून जायच्या. एकदा मी कान देऊन ऐकलं. त्या मुलांच्या सुरात स्वतःशीच पुटपुटत होत्या, "हो मॅडम. झालं मॅडम." दिवसाढवळ्या स्वप्नं बघते बाई, म्हणून मी वह्या तपासता तपासता हसलो. अक्कल मला नेहमी उशिराच येते.

मावशी भांडी धुता धुता शिकल्या. बाहेरून परीक्षा दिल्या, दोनदा आपटल्या, तिसऱ्यांदा पदवी घेऊनच आल्या. मग त्याच लॅबमध्ये पांढरा कोट घालून प्रयोग शिकवायला उभ्या राहिल्या. मुलं मात्र सवयीने "मावशी" म्हणायची आणि यांचा चेहरा एवढासा व्हायचा. मला ते बघवेना. मी ठळक अक्षरांत नोटीसच लावली: शिक्षकांना सर किंवा मॅडम असेच म्हणावे.

झालं! दुसऱ्या दिवसापासून "हो मॅडम, झालं मॅडम." अगदी स्वप्नातल्यासारखं. लॅब कशी शांत, वाफा संथपणे छताकडे चाललेल्या, आणि त्यांतून फिरणाऱ्या मॅडमना स्वर्ग दोन बोटं उरलेला. आठवडाभर कोणी काही सांडलं नाही, फोडलं नाही. निदान आम्हाला तसं वाटलं.

मग एका दुपारी मॅडमना दिसलं, कोपऱ्यातली एक मुलगी डावा हात खिशात घालून उजव्याने लिहिते आहे. त्यांनी तो हात बाहेर काढला. ॲसिडने तळवा लालभडक झाला होता.

तिला ओढतच नळाशी नेलं, पाणी सोडलं. "अगं, इतका वेळ गप्प बसलीस? मी चार पावलांवर तर होते!"

"'मावशी' असंच तोंडात आलं होतं," ती रडत म्हणाली. "पण तुम्हाला वाईट वाटलं असतं. आणि मॅडमना सांगायची भीती वाटली."

दारात उभ्या असलेल्या मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पाणी बराच वेळ वाहत राहिलं. मग तो हात धारेखाली तसाच धरून त्या हळूच म्हणाल्या, "काहीही म्हण गं बाळा. पण हाक मार."