पेडणेकर काय लिहून घेत होते

दामोदर पेडणेकरांना मी ओळखत होतो असं म्हणायची माझी हिंमत नाही. नेदरलँड्समधले तीन उन्हाळे, प्रत्येक उन्हाळ्यात व्हिसाचे तीन महिने, आणि त्यातही पाऊस नसलेल्या सकाळी तेवढ्याच. त्यांचं गाव कोणतं, त्यांच्या पत्नीचं नाव काय होतं, हे मला आजही माहीत नाही. त्यांची मुलगी वृंदा मला फोनवर म्हणाली, "काका, बाबांबद्दल चार ओळी लिहा ना. आइंडहोवनमध्ये त्यांच्याशी बोलणारे तुम्ही दोघंच होतात." मी साताऱ्याच्या कॉलेजात प्रयोगशाळा सहायक होतो. माझं लिखाण बाटल्यांवरच्या चिठ्ठ्यांपुरतं. पण तिला नाही म्हणता आलं नाही.

दोघं म्हणजे मी आणि शशिकांत गद्रे. मुलगा कामाला, नातवंडं शाळेत, सून तिच्या उद्योगात, अशा वेळी आम्ही म्हातारे सकाळी अकराला सुपरमार्केटात जमायचो. दारातून आत गेलं की फुकट कॉफीचं यंत्र होतं आणि शेजारी एक उंच टेबल. गिऱ्हाइकांसाठी ती सोय होती, म्हणून गद्रे रोज एक केळं विकत घ्यायचे आणि ते टेबलावर सगळ्यांना दिसेल असं ठेवायचे. "हा आपला प्रवेशपास," म्हणायचे.

पेडणेकर आमच्यात २०१३च्या उन्हाळ्यात आले. उंच, वाकलेले, कमी बोलणारे. शर्टाच्या खिशात एक लांबट वही, तिला दोऱ्याने बांधलेली पेन्सिल. आम्ही बोलत असलो की मधेच त्यांचा हात खिशाकडे जायचा. वही उघडायची, काहीतरी टिपायचे, वही बंद. चेहऱ्यावर काही नाही. कॉफीचा घोट घ्यायचे आणि "हं, पुढे?" म्हणायचे.

एकदा गद्र्यांनी विचारलं, "पेडणेकर, नोकरी कुठे केलीत?"

"पोलिसात."

"अरे बापरे! फौजदार?"

"नाही हो. लघुलेखक. खास शाखेत. सभांना जायचं, कोपऱ्यात बसून भाषण उतरवायचं."

"आणि मग?"

"मग वरती द्यायचं."

गद्रे हसले. मला हसू आलं नाही. ते 'वरती' माझ्या डोक्यात बसलं. त्यानंतर वही निघाली की मी बोलणं आवरतं घ्यायचो. मी मुळात काय बोलत होतो म्हणा, पण तेवढंही.

दुसऱ्या वर्षी माझ्याकडून चूक झाली. त्या दिवशी गद्रे आले नव्हते. पेडणेकरांनी सहज विचारलं, "सूनबाई काय करतात?" आणि माझ्या तोंडून सगळं निघून गेलं. नीलांबरी घरी चकल्या, शेव, चिवडा करते, फोनवरच ऑर्डर टेक करते, मी सोऱ्या फिरवून देतो. डेल्फ्टमधल्या मराठी विद्यार्थ्यांकडून मागणी येते, परवा तर ग्रोनिंगनहून आली. मला तिचं कौतुक होतं, ते मी कुणालाच सांगितलं नव्हतं. बोलता बोलता मी मान वर केली तर पेडणेकरांची पेन्सिल चालू होती. एक नाही, दोन ओळी.

आता अडचण अशी होती की घरून खाण्याचे पदार्थ विकायचे तर खेमेन्तेला, म्हणजे इथल्या नगरपालिकेला, कळवायला हवं असं सुयश, माझा मुलगा, तिला सारखा सांगायचा. ती "करते हो" म्हणायची. केलं नव्हतं. परक्या देशात नवऱ्याच्या व्हिसावर आलेली पोर. इंजिनियर असून तीन वर्षं घरी बसलेली. या चकल्यांनी तिच्या चेहऱ्यावर रंग आला होता. आणि तो मी एका पोलिसाच्या वहीत घालून आलो होतो.

त्यानंतर मी त्या वहीवर नजर ठेवायला लागलो. ते कॉफी आणायला उठले की वही टेबलावर असायची, कधी उघडी. मला त्यातलं काही कळणं शक्य नव्हतं. सगळ्या वाकड्यातिकड्या रेघा. पण एक खूण प्रत्येक ओळीच्या सुरुवातीला होती. एक उभी रेघ, तिच्या पायाशी एक आडवी, आणि उभीच्या कडेला ठसठशीत टिंब. पानभर तीच. ती खूण मी बिलाच्या पाठीवर उतरवून घेतली आणि घरी चष्म्याच्या डबीत ठेवली. हे कुणाचं नाव असणार, असं मी धरून चाललो. रोज ज्याच्यावर लक्ष ठेवायचं त्याचं. कधी वाटायचं माझं. कधी वाटायचं, नीलांबरीचं.

तिसऱ्या उन्हाळ्यात, २०१५च्या जूनमध्ये, खेमेन्तेचं पाकीट आलं. सुयशच्या नावावर. सुयश दोन दिवसांसाठी मास्ट्रिख्टला गेला होता. नीलांबरीने पाकीट उजेडात धरलं, उलटं केलं, फ्रिजवर ठेवलं, पुन्हा काढलं.

"फोड की," मी म्हणालो.

"त्याचं आहे, बाबा. आणि फोडून कळणार काय? डच आहे." मग ती माझ्याकडे वळली. "तुम्ही कुणाला काही बोलला नाहीत ना?"

"मी? मी कुणाशी बोलतो?"

ती लगेच म्हणाली, "नाही, तेही खरंच." तिने सोऱ्या धुऊन, पुसून खिडकीत वाळत ठेवला आणि त्या दिवशीची ऑर्डर नको म्हणून कळवलं. सुयशला फोन करू का म्हटलं तर म्हणाली, "नको. 'सांगितलं होतं' हे फोनवर ऐकायचं आणि परत घरी आल्यावरही ऐकायचं, दोनदा कशाला?"

दुसऱ्या दिवशी मी पावणेअकरालाच सुपरमार्केटात गेलो. गद्रे केळं निवडत होते. मी त्यांना सांगितलं, पण अर्धवट. चकल्यांचं नाही सांगितलं. एवढंच म्हणालो, "हे पेडणेकर आपलं बोलणं लिहून घेतात. कुठेतरी देतात असं वाटतं."

"कुठे देणार? केळ्याची बातमी?"

"हसू नका. पोलिसातला माणूस आहे."

गद्र्यांना अशी गोष्ट पोटात ठेवता येत नाही, हे मला ठाऊक होतं. खरं सांगायचं तर म्हणूनच मी ती त्यांना सांगितली. मला स्वतःला विचारायचा धीर नव्हता.

पेडणेकर आले, कॉफी घेतली, बसले. गद्रे म्हणाले, "पेडणेकर, आज झडती आहे. वही काढा!"

"कशाला?"

"हे गुरुनाथराव म्हणतायत, तुम्ही आमची भाषणं वरती पाठवता."

पेडणेकरांनी माझ्याकडे पाहिलं. मी केळ्याकडे. त्यांनी सावकाश वही काढली आणि गद्र्यांच्या पुढ्यात ठेवली.

"वाचा."

"हे काय? कोंबडीने पाय उमटवलेत!"

"मग मी वाचतो." त्यांनी पहिल्या पानावर बोट ठेवलं, त्या उभ्याआडव्या खुणेवर. "हा शब्द 'टेक'. टी, के, मधलं टिंब म्हणजे स्वर. एकतीस वर्षं इंग्रजी लिहिलं. मिनिटाला एकशे वीस शब्द. कानातून आलं, हातातून गेलं, डोक्यात काही राहिलं नाही. इथे आल्यावर नातीच्या शाळेच्या दारात तिच्या बाई मला म्हणाल्या, शी टेक्स आफ्टर यू. मी म्हटलं, नो मॅडम, आय डिड नॉट टेक एनिथिंग."

गद्र्यांना ठसका लागला.

"उत्तरा घरापर्यंत हसत आली. ती माझ्यावर गेलीय, एवढंच बाई म्हणत होत्या. मी आपला चोरी नाकारतोय. मग ती म्हणाली, आजोबा, यू डोन्ट नो इव्हन टेक. सात वर्षांची पोरगी. मराठी सगळं कळतं तिला, पण बोलते इंग्रजीत. मी म्हटलं, ठीक आहे. एक शब्द तरी पुरा करतो. जिथे कानावर पडेल तिथे लिहायचा. रात्री... नाही, संध्याकाळी तिला वाचून दाखवायचा, ती बरोबर-चूक सांगते."

ते वाचत गेले. टेक अ सीट, बसमधला ड्रायव्हर. टेक युअर टाइम, गल्ल्यावरची मुलगी, ते नाणी शोधत असताना. विमान टेक ऑफ करतं आणि माणूस कोटही टेक ऑफ करतो. गोळी टेक करतात, फोटो टेक करतात, परीक्षाही टेक करतात. पण परीक्षा देणारा टेक करतो की घेणारा, यावर उत्तराशी दोन दिवस वाद. इट टेक्स टू अवर्स, यात कोण काय घेतं ते कळलं नाही, पुढे प्रश्नचिन्ह. आमचेही नमुने होते: "पर्सनली टेक करू नका, गद्रे." सगळे मिळून एकशे त्र्याऐंशी झाले होते.

मग ते त्या पानावर आले. मी ते पान ओळखलं. कोपऱ्यात कॉफीचा डाग होता. दोन भरगच्च ओळी. पेडणेकरांचं बोट त्या ओळींवरून सरकलं.

"टेक ऑर्डर," ते म्हणाले. "दुकानात ऐकलं." आणि पान उलटलं.

गद्रे हसून हसून डोळे पुसत होते. मला मात्र कळलं नाही. लघुलिपीत लिहिलेलं वाचताना वाढायला हवं. इथे दोन ओळींचे चार शब्द झाले होते. आणि ते त्यांनी दुकानात ऐकलेलं नव्हतं, माझ्याकडून ऐकलं होतं. त्यांनी माझी गोष्ट गद्र्यांपासून झाकली, की स्वतःचं काही झाकलं? ती वही त्यांच्याशिवाय कुणालाच वाचता येत नव्हती. मला जे ऐकवलं ते मी ऐकलं, एवढंच.

निघताना ते मला म्हणाले, "गुरुनाथराव, विचारायचं होतं तर मला विचारायचं."

त्या संध्याकाळी सुयशने पाकीट फोडलं. आमच्या रस्त्यावरच्या फरश्या बदलणार होते. दोन दिवस गाडी दुसरीकडे लावा, असं पत्र होतं. नीलांबरी खुर्चीत बसून हसली, मग रडली. तिने पुढच्याच आठवड्यात खेमेन्तेला कळवायचे कागद भरायला घेतले, आणि आता सगळं रीतसर आहे, म्हणून हे लिहिता येतंय.

पेडणेकर त्यानंतरही कॉफीला येत राहिले, पण वही आणत नव्हते. बोलताना कुणी 'टेक' म्हटलं की त्यांचा हात खिशाकडे जायचा आणि रिकामा परत यायचा. गद्र्यांनी दोनदा विचारलं, "आकडा कुठवर आला?" ते म्हणाले, "थांबवलंय." माफी मागायची असं मी रोज घरून ठरवून निघायचो.

पुढच्या वर्षी मी गेलो तेव्हा ते नव्हते. फेब्रुवारीत गेले. वृंदाने वही जपून ठेवली आहे. तिने मला ती दाखवली, कॉफीच्या डागाचं पानही. "यात काय आहे हो काका?" तिने विचारलं. मी म्हटलं, टेक आहे. त्यापुढचं मला वाचता येत नाही.

माझी आणि त्यांची शेवटची भेट सप्टेंबर २०१५ची, मी परत निघायच्या आदल्या आठवड्यातली. दुपारी बेल वाजली. दारात पेडणेकर, हातात रिकामी कापडी पिशवी. आमचा पत्ता मी त्यांना कधी दिला नव्हता. मी दार अर्धवटच उघडं धरलं. मागे नीलांबरी कढईपाशी होती.

"घर कसं सापडलं?" मी विचारलं.

"खिडकीत सोऱ्या दिसला. इथे कुणी पडदे लावत नाही, आणि इथल्या कुणाच्या खिडकीत सोऱ्या नसतो." मग आवाज खाली आणून म्हणाले, "चकल्या मिळतील? उत्तराला न्यायच्यात."

मी आत गेलो. नीलांबरीला म्हटलं, ओळखीचे आहेत. तिने पाकीट भरलं, मी दारात आणून दिलं. माफी तिथेच मागता आली असती. मी म्हणालो, "आज मीठ थोडं जास्त पडलंय का, कळत नाही. मीच मळलंय पीठ. खारट लागल्या तर सांगा."

त्यांनी पाकीट पिशवीत ठेवलं.

"सांगतो," ते म्हणाले.