मी नुसता सोबत आलोय

गेल्या नोव्हेंबरात मी माझ्या वडिलांना सरकारदरबारी जिवंत ठेवलं आणि स्वतः मेलो.

आमच्या घरात पेन्शनच्या तीन पिढ्या नांदतात. आबा, म्हणजे माझे वडील, शहाऐंशी वर्षांचे. पाटबंधारे खात्यात जितकी वर्षं नोकरी केली, जवळजवळ तितकीच वर्षं पेन्शन घेतायत. मी त्याच खात्यातून मे महिन्यात निवृत्त झालो. आणि माझा मुलगा निखिल, शाळेत शिक्षक, तो नव्या योजनेत. त्याच्या पगारातून दर महिन्याला कापून घेतात, पुढे काय मिळेल ते बाजार ठरवणार!

या विषयावर मी जॉगिंग ट्रॅकच्या कट्ट्यावर रोज भाषण ठोकत असे. "माणसं जगतात फार! सरकारने करायचं काय? निदान तपासणी तरी कडक करा. एक सही चुकली की पेन्शन बंद!" (सरकारने माझं इतक्या लवकर ऐकावं, अशी अपेक्षा नव्हती.)

नोव्हेंबरात प्रत्येक पेन्शनरने बँकेत जाऊन यादीत आपल्या नावापुढे सही करायची, की मी हयात आहे. मी आबांना रिक्षाने घेऊन गेलो. रांग दारापर्यंत! काठ्या, मफलर, कानातली यंत्रं. मी दोन्ही हात वर करून पुढे घुसलो.

"सरका जरा! शहाऐंशीचे आहेत!"

"मी नव्वदचा आहे," मागून एक आजोबा म्हणाले.

तरी मी घुसलोच. यादीत आबांचं नाव शोधलं, त्यावर बोट ठेवलं, पेन हातात दिलं. आबा अक्षर सावकाश घोटतात.

"आबा, आटपा ना! मागे लोक आहेत."

"सही हाय, शिंक नाय," आबा म्हणाले.

मी फोटो काढला आणि घरच्या ग्रुपवर टाकला. काउंटरवरच्या मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. तिशीच्या असतील.

"काका, तुमची सही?"

आता, मी त्याच आठवड्यात केस काळे केले होते. त्या रांगेत मला बसवलं, हेच मला झोंबलं. मी छाती काढून म्हणालो, "माझी कसली? मी नुसता सोबत आलोय!"

आणि आबांचा हात धरून ऐटीत बाहेर पडलो.

जानेवारी उजाडला. आबांची पेन्शन आली. माझी नाही. मी चार दिवस सरकारला शिव्या घातल्या. पाचव्या दिवशी बायको सुनंदा म्हणाली, "अहो, तुम्ही सही केली होती ना?"

मी पेपर तोंडासमोर धरला. तिला ते पुरलं.

"म्हणजे मी कागदोपत्री विधवा! आणि हे महाशय मला दुसरा चहा मागतायत!"

निखिल तर सोफ्यावर आडवाच झाला. "बाबा, माझी पेन्शन बाजाराच्या भरवशावर, म्हणून तुम्ही कीव करायचात. बाजार कितीही पडला तरी थोडंफार उरतं हो. तुमचं तर पूर्णच गेलं!"

खरी धास्ती वेगळीच होती. हयातीचा दाखला लवकर पोचला नाही तर पुढचा महिनाही कोरडा. म्हणजे अठ्ठावन्नाव्या वर्षी पेट्रोलसाठी आबांपुढे हात पसरायचा! आबांना त्याची कुणकुण लागली होती. जेवताना सहज म्हणाले, "लागलं तर सांग. पण काय करणार ते लिहून दे."

मी उठून थेट बँकेत गेलो. त्याच मॅडम.

"यादी केव्हाच कोषागारात गेली, काका. आता वेगळा फॉर्म. आज चारच्या आत दिलात तर आजच्या टपालात जाईल. नाहीतर पुढचा महिना धरा." त्यांनी मला निरखून पाहिलं. "तुम्ही त्या दिवशी नुसते सोबत आलेले ना?"

रांगेतले सगळे हसले. नव्वदचे आजोबा सगळ्यांत जोरात. ते कशाला आले होते कोण जाणे!

फॉर्मवर साक्षीदार हवा होता. या शाखेचा पेन्शनर, मला ओळखणारा. मी नव्वदच्या आजोबांकडे आशेने पाहिलं. त्यांनी मान फिरवली. कट्ट्यावर फोन लावला, तर अख्खा कट्टा वणीला देवीच्या दर्शनाला गेलेला. (वर्गणी नको म्हणून मीच नाही म्हणालो होतो.) उरलं एकच माणूस. निखिल त्यांना स्कूटरवरून घेऊन आला तेव्हा पावणेचार झाले होते.

आबा खुर्चीत बसले. चष्मा पुसला. फॉर्म पहिल्या ओळीपासून वाचायला घेतला. मागची बाजूसुद्धा! मी घड्याळ बघत घामाघूम.

"आबा, फक्त सही करायची हो!"

"वाचल्याशिवाय सही केली नाय कधी. अन् करायची तिथं विसरलोबी नाय."

चाराला पाच मिनिटं असताना मॅडमनी विचारलं, "आजोबा, यांना ओळखता?"

"मुलगा हाय माझा."

"हयात आहेत, असं तुम्ही प्रमाणित करता?"

आबांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं, सावकाश सही घोटली आणि फॉर्म मॅडमकडे सरकवला.

"हयात हाय, एवढंच लिवा. शुद्धीवर हाय, याची जबाबदारी माझ्यावर नको."