न ऐकलेल्या स्पीकरचा अभिप्राय

शिक्षण नववीपर्यंतच झाले असले, तरी दौंडच्या तहसील कचेरीबाहेर मी वीसएक वर्षे अर्ज व प्रतिज्ञापत्रे लिहीत आहे आणि माझ्या मसुद्यात खोट काढणारा कारकून अद्याप जन्मलेला नाही. दुसऱ्याच्या वतीने 'मी' लिहिणे हाच माझा व्यवसाय. त्यामुळे शिरूरच्या एका दुकानदाराने महागड्या स्पीकरांविषयी इंटरनेटवर टाकण्यासाठी ग्राहकाचा अभिप्राय लिहून मागितला, तेव्हा मला त्यात काही वावगे वाटले नाही. ते स्पीकर मी पाहिलेही नव्हते. सवयीने लिहून गेलो : 'मी स्वतः समक्ष ऐकले असून, गाणाऱ्याने दोन ओळींच्या मध्ये घेतलेला श्वासही स्पष्ट ऐकू येतो.'

दोनेक महिन्यांनी यवतचे एक वयस्क फूलबागायतदार माझ्या टेबलाशी आले. तोच अभिप्राय त्यांनी छापून आणला होता.

"ह्ये वाचून जोडी घेतली. पर त्यो श्वास काय मला घावंना. माल खोटा आसंल, तर परतीचा अर्ज लिव्हा. खरा आसंल, तर माझंच कान गेलं म्हणायचं. मग भजनात पखवाज धरायचा न्हाई मी. पोरं हसायच्या आत आपणच उठावं."

लिहिणारा मीच, हे मी बोललो नाही. "मी कसं सांगणार, आप्पा?"

"पंच म्हणून चला. जागा बघितल्याबिगर पंचनामा लिव्हता व्हय तुम्ही?"

लिहितो, पुष्कळदा. पण गेलो.

भर दुपारी त्यांच्या माडीवर बसलो. खिडक्यांना गोधड्या लावलेल्या. पुरुषभर उंचीचे दोन काळे स्पीकर कोपऱ्यांत, कोणी वाट पाहत उभे असावे तसे. निळा दिवा लागला. आप्पा पाठमोरे बटणांशी खटपट करू लागले. मी डोळे मिटले.

आणि श्वास ऐकू आला. आत घेतलेला, किंचित थबकलेला, मग सोडलेला.

"येतंय का काय?"

"येतंय, आप्पा. स्पष्ट. डावीकडून."

आप्पा वळले, माझ्याकडे बघत राहिले आणि मांडीवर थाप मारून हसले. "आवो पंच, गाणं आजून लावलंच न्हाई मी! कान तुमचं गेल्यात, माझं न्हाई!"

मी माझा श्वास रोखून पाहिला. डावीकडचा तो श्वास थांबला नाही.

तेव्हा मी सारे कबूल केले. पुढे कोणी विचारले, तर एवढेच सांगत आलो : यंत्र आधी ऐकावे, अभिप्राय मागाहून वाचावा. खोटा अभिप्राय खिशाला चाट लावतो, हे सारेच जाणतात; तो कानात वस्तीला येतो, हे मात्र कोणी सांगत नाही.

त्या दुपारी माझी कबुली ऐकून घेतल्यावर "अर्ज मागनं लिव्हा," म्हणत आप्पांनी पखवाज पुढे ओढला, डाव्या पुडीच्या कातड्याला कणीक थापली आणि ते वाजवू लागले. ताल चोख होता. ते खुशीत मान डोलवीत होते. मी मात्र दर दोन थापांच्या मध्ये त्या डाव्या कोपऱ्याकडे पाहत होतो.