दारापाशी राहिलेला केर

आष्ट्याहून बंगळूरला निघाले त्या सकाळी आई दारात उभी होती आणि केरसुणी दाराआड. "पोचलीस की फोन कर गं. तवर केर काढत न्हाई मी," म्हणाली. माणूस बाहेर पडल्यावर लगेच झाडलं तर ते परत येत नाही, असं आमच्याकडे मानतात. वडील फौजेत होते. रजा संपवून निघाले की पोचल्याचा निरोप यायला दिवस लागायचे. तोवर आई दारापाशी तेवढं सोडून बाकीचं घर झाडायची. लगेच झाडलं ते एकदाच, त्यांची तिरडी उठल्यावर.

तुम्ही गावातले विचारता, तिकडं करतीस काय. माझ्यासारखे बाहेर पडलेले तर विचारतही नाहीत. चंद्रावर फिरणाऱ्या रोव्हरचा प्रोग्रॅम मी लिहीत होते. इथून त्याला बोट धरून चालवता येत नाही. समोर खड्डा आला तर थांबायचं की वळायचं, हे त्याचं त्यालाच ठरवावं लागतं. ते शिकवण्यात माझी उमेदीची वर्षं गेली. लग्नाची बोलणी, भाचीचं बारसं, सगळ्याला 'टेस्टिंग झाल्यावर' म्हणत राहिले.

यान सुटलं तेव्हा आईला फोन केला.

"कवा पोचायचा त्यो?"

"महिना तरी लागंल."

"मग दारापाशी तेवढं ऱ्हाऊ देते."

मला हसू आलं. टीममध्ये सांगितलं, तर ते पण हसले. नंतर मात्र जेवताना रोज कुणीतरी विचारायचंच, आईने झाडलं नाही ना?

उतरायच्या दुपारी कंट्रोल रूममध्ये पडद्यावर आकडे येत होते. जमीन अगदी जवळ आली आणि ते थांबले. पुढे कितीतरी दिवस आम्ही सिग्नल पाठवत राहिलो. शेवटी साहेबांनी मीटिंग घेतली आणि आता थांबूया म्हणाले.

मी आष्ट्याला आले. टीव्हीवर सगळ्या गावाने पाहिलं होतं. तरी दाराशी माती आणि उसाचं पाचट तसंच पडलेलं.

"टीव्हीवाले काय बी सांगत्यात," आई म्हणाली. "तू कुटं सांगितलंस?"

म्हणजे ते मलाच सांगावं लागणार होतं. मीटिंगमध्ये कोरडे राहिलेले डोळे इथे भरून आले. फार वाईट वाटलं, लेकरू गेल्यासारखं.

"न्हाई पोचला गं आई. झाड आता."

तिने केरसुणी घेतली आणि झाडलं. मग चहा टाकला.

बंगळूरच्या फ्लॅटमध्ये केर काढायला एक गोल यंत्र आहे. मी दार ओढून घेतलं की ते लगेच सुरू होतं. त्याला कोण गेलं, कोण यायचंय, याचं काय? तिथे मी राहते, एवढंच.

या खेपेला तिथे पोचल्यावर आईला फोन केला. "पोचले," म्हणाले. "बरं," म्हणून तिने फोन बाजूला ठेवला, पण बंद करायला विसरली. मीही केला नाही. ती झाडत होती, ते ऐकत बसले.